खिडकीचा शॉक सेन्सर मध्यरात्री केकाटतो : चौकटीवर लावू, झडपेवर की गजांवर?

पडवीकर | २ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ आमचं जुनं घर आहे. आई गेल्यापासून बंद असतं. आम्ही डोंबिवलीला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले पंधरा दिवस सोडले तर दाराला कुलूप. गेल्या वर्षी आळीतली दोन बंद घरं फुटली. एकाकडचा तांब्याचा बंब आणि देव्हाऱ्यातली चांदीची भांडी गेली. दुसऱ्याकडे घेण्यासारखं काही मिळालं नाही, तर जाताना पंपाची केबल कापून नेली.

म्हणून दसऱ्याला गेलो तेव्हा वायरलेस अलार्म बसवला. सेन्सरचं ऐकून मला फोन करणारं पॅनेल माजघरात, दोन्ही दारांना चुंबकाचे सेन्सर, चार खिडक्यांना हादरा बसला की बोलणारे शॉक सेन्सर. सगळं माझ्या हातानेच केलं. खिडक्या जुन्या पद्धतीच्या आहेत : फणसाच्या लाकडाची चौकट, बाहेरून उभे गज, आत उघडणाऱ्या दोन झडपा. सेन्सर झडपेवर चिकटवले, कारण सपाट जागा तिथेच होती. डबीत दुहेरी चिकटपट्टी आली होती, तीच वापरली. संवेदनशीलतेचा स्क्रू पूर्ण उजवीकडे फिरवला. म्हटलं, कमी ठेवला आणि चोर निसटला तर?

महिनाभर काही नाही. दिवाळीनंतर मात्र सुरू झालंय. रात्री अडीच, साडेतीन, कधी पहाटे पाच. पॅनेलचा फोन येतो, 'झोन ५', म्हणजे चारांपैकी एका खिडकीचा सेन्सर. मी शेजारच्या काकूंना उठवतो, त्या बॅटरी घेऊन अंगणात जाऊन येतात. कोणी नसतं. आत्तापर्यंत आठ वेळा झालं. काकू सत्तरीच्या आहेत. अजून एका शब्दाने बोलल्या नाहीत, हेच जास्त लागतं.

सेन्सर खराब असेल का? की जागा चुकली? तीन पर्याय शीर्षकात दिलेत. जाणकारांनी सांगावं.

तिरफळ | २ डिसेंबर, रात्री ९:३२

पहिली मी. काकूंसाठी बंब विकून एक चांगली शाल घ्या.

पडवीकर | २ डिसेंबर, रात्री ९:३५

बंब दुसऱ्यांचा होता हो. आमचा आहे अजून.

शंकेखोर | २ डिसेंबर, रात्री १०:०४

मूळ मुद्दाच पटत नाही. रिकाम्या घरात एवढं यंत्र कशाला? ज्या काकू रात्री उठून जातात त्यांनाच महिन्याला काही रक्कम द्या आणि घर राखायला सांगा. सोबत एक कुत्रा पाळा. कुत्र्याला बॅटरी लागत नाही.

तिरफळ | २ डिसेंबर, रात्री १०:११

कुत्र्याला बिबट्या लागतो. आमच्या मामाकडचे दोन गेले.

नाना_अलार्मवाले | २ डिसेंबर, रात्री ११:२०

पडवीकर, सतरा वर्षं हेच काम करतोय, नाशिकला. तुमच्या पोस्टमध्ये तीन चुका दिसल्या. राग मानू नका.

पहिली, जागा. शॉक सेन्सर म्हणजे कान. ज्या वस्तूला तो चिकटलाय तिच्यातून येणारा हादरा तो ऐकतो. झडप ही हलणारी वस्तू. ती वाऱ्यानेही हलते, मांजर अंग घासून गेलं तरी हलते. चोर गजांमधून पहार घालून गज वाकवतो किंवा चौकट भिंतीपासून उचकटतो. तो सगळा जोर चौकटीत उतरतो, कारण गज तिच्यातच रोवलेले असतात. म्हणून सेन्सर चौकटीवर, आतल्या बाजूने, निम्म्या उंचीच्या आसपास. गजावर लावू नका. लोखंडाला चिकटवला की वायरलेसचा पल्ला मरतो आणि बाहेरून हात घालून काढताही येतो.

दुसरी, चिकटपट्टी. काच किंवा ॲल्युमिनियमवर चालते, तीही स्पिरिटने पुसून घेतल्यावर. फणसाच्या जुन्या लाकडावर तेलपाणी, वॉर्निश, धूळ सगळं असतं. पट्टी अर्धी सुटली की सेन्सर स्वतःच लटलटतो आणि स्वतःचाच हादरा स्वतः ऐकतो. दोन स्क्रू मारा. आधी बारीक ड्रिलने भोक पाडून घ्या, नाहीतर जुनी चौकट चिरते. स्क्रू जीव खाऊन पिळू नका, प्लास्टिकचं बूड वाकतं.

तिसरी, संवेदनशीलता. ती नेहमी सर्वांत कमीपासून सुरू करतात. पॅनेल टेस्ट मोडला टाका, सायरनची वायर काढा, शेजारी सांगून ठेवा. मग बाहेरून चौकटीवर मुठीच्या तळव्याने ठोका. वाजला नाही तर एक पायरी वाढवा, पुन्हा ठोका. वाजला की थांबा. त्यानंतर बोटाच्या नखाने टकटक करा. त्याने वाजता कामा नये. हातोडी घेऊन 'टेस्ट' करणारे मी पाहिलेत. काच माझ्या बिलात लावायला बघतात.

सेन्सर मात्र फेकू नका. त्याआधी एक करा. झोन ५ चा आणि न वाजणाऱ्या एखाद्या खिडकीचा सेन्सर आपसात बदला. तक्रार सेन्सरबरोबर गेली तर सेन्सर खराब. खिडकीपाशीच राहिली तर खिडकी खराब.

मुक्काम_पोस्ट | ३ डिसेंबर, सकाळी ७:४५

शेवटचा परिच्छेद एकदम पटला. वाचनखूण साठवली.

सोल्डरगन | ३ डिसेंबर, सकाळी १०:३०

नानांशी बव्हंशी सहमत. थोडी आतली माहिती देतो.

स्वस्त शॉक सेन्सरमध्ये दोन जाती मिळतात. एकात स्प्रिंगच्या मधोमध तार असते, हादरा बसला की स्प्रिंग तारेला टेकते. दुसऱ्यात पिझो चकती असते, ती दाबली-वाकली की व्होल्टेज देते. स्प्रिंगवाला सरळ हो किंवा नाही एवढंच सांगतो. पिझोवाल्यात हादऱ्याची ताकद मोजता येते. महागड्या सेन्सरमध्ये मोबाईलसारखा ॲक्सेलरोमीटर असतो, तो कलही सांगतो.

चांगल्या सेन्सरमध्ये दोन वेगळ्या अटी लावता येतात. एक, एकच मोठा दणका आला तर लगेच बोंब. दोन, लहान ठोके असतील तर ठरावीक सेकंदांत अमुक इतके झाले तरच बोंब. याला पल्स काउंट म्हणतात. नारळ पत्र्यावर एकदा पडतो, चोर पहार पुन्हा पुन्हा मारतो. फरक तिथे कळतो. पडवीकर, झाकण उघडून बघा, आत डिप स्विच, म्हणजे वर-खाली करायचे बारीक खटके, आहेत का?

आणखी एक. तुमचा संच ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारा असणार. त्यात बहुतेक वेळा ईव्ही १५२७ जातीची चिप असते. प्रत्येक सेन्सरचा २० बिटचा ठरलेला क्रमांक, दर वेळी तोच ओरडून सांगायचा. पॅनेलला ऐकू गेलं की नाही हे सेन्सरला कळत नाही. आणि कोणी तो संदेश हवेतून टिपून ठेवला तर पुन्हा वाजवता येतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे तकलादूच.

शंकेखोर | ३ डिसेंबर, सकाळी १०:५२

म्हणजे चोरच मध्यरात्री वाजवून काकूंना दमवतोय? दहाव्या वेळी त्या येणार नाहीत, आणि मग...

तिरफळ | ३ डिसेंबर, सकाळी १०:५८

पंपाची केबल कापून नेणारा चोर लॅपटॉप आणि अँटेना घेऊन पोफळीत बसलाय, असं दृश्य डोळ्यांसमोर आलं. डास किती!

सोल्डरगन | ३ डिसेंबर, सकाळी ११:०५

तसं म्हणायचं नव्हतं. शक्यता सांगितली.

पडवीकर | ३ डिसेंबर, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. नाना, तिन्ही चुका मान्य. झाकण उघडल्याचं आठवतं, डिप स्विच नाहीत. एक पिवळा स्क्रू आणि बटण सेल.

ज्या वेळा लिहून ठेवल्यात त्या देतो : २:४०, ३:२५, ५:०५, ४:५०, २:५५, ६:१०, ३:४०, ५:३०. दिवसा एकदाही नाही. संध्याकाळीही नाही.

बार्शी_लाईट | ३ डिसेंबर, दुपारी १:४०

सेल उतरला असेल. लो बॅटरी झाली की काही सेन्सर खुळ्यागत वागतात. पहाटे थंडीने सेलचं व्होल्टेज अजून पडतं.

नाना_अलार्मवाले | ३ डिसेंबर, दुपारी २:१०

दोन महिन्यांत? एखादा सेल जुन्या मालातला असू शकतो. पण गुहागरात थंडी ती कसली. तरी सेल काढून बघा, खाऱ्या हवेने पत्तीवर हिरवं आलं असेल तर खरवडून व्हॅसलिनचं बोट लावा. समुद्राकडच्या सगळ्या कामांत हे मी आधीच करतो.

वऱ्हाडी_ठेचा | ३ डिसेंबर, दुपारी ४:३०

आमच्याकडे अकोल्याला गोडाऊनवर असंच झालं होतं भाऊ. उन्हाळ्यात दिवसभर टिनाचे पत्रे तापतात, रात्री थंड होताना आक्रसतात अन् 'टण्ण' करून आवाज करतात. सेन्सर लोखंडी कैचीवर लावलेला. रोज अंधार पडला की बोंबलायचा. चौकीदार म्हणे इथं भूत आहे. तुमच्या पडवीला पत्रा आहे काय?

पडवीकर | ३ डिसेंबर, दुपारी ४:४५

पडवीला कौलं आहेत. मागे न्हाणीघरावर पत्रा आहे, पण ते वेगळं, दहा पावलांवर.

लेस्टरची_माई | ३ डिसेंबर, संध्याकाळी ७:२०

इथे इंग्लंडात आमच्या घराला असे सेन्सर आहेत, खिडकीच्या चौकटीलाच. फायदा असा की सेन्सर बाहेरच्या कडेवर असल्याने आम्ही आत झोपलेले असतानाही अलार्म चालू ठेवता येतो. चुंबकाचा सेन्सर खिडकी उघडल्यावर बोलतो, हा उघडण्याच्या आधी बोलतो. युरोपात अशा यंत्रणांना ईएन ५०१३१ हे मानक आहे, त्यात १ ते ४ अशा श्रेणी. बसवणाऱ्याने आमच्याकडे पहिले काही दिवस सेन्सर 'नुसती नोंद ठेव, वाजू नकोस' असे ठेवले होते. मग नोंदी बघून संवेदनशीलता लावली. त्या दिवसांत कळलं की कचऱ्याची गाडी आली की समोरची खिडकी थरथरते.

खोट्या अलार्मबद्दल इथले पोलीस कडक आहेत. पोलिसांशी जोडलेली यंत्रणा वारंवार खोटी वाजली तर ते यायचंच बंद करतात. आपल्याकडच्या काकू त्यापेक्षा खूप सोशिक.

मुक्काम_पोस्ट | ३ डिसेंबर, संध्याकाळी ७:४८

माईंच्या कचऱ्याच्या गाडीवरून सुचलं. तुमच्या घरासमोरून रस्ता आहे ना? मुक्कामी एसटी पहाटे सुटते. तिच्या इंजिनाने खिडक्या कशा वाजतात ते ज्याने पुढच्या खोलीत झोप काढलीय त्याला विचारा.

पडवीकर | ३ डिसेंबर, रात्री ८:३०

हे डोक्यात आलं नव्हतं. खिडकी रस्त्याकडचीच आहे! पण एसटी साडेपाचला जाते. अडीचला काय जातं?

तिरफळ | ३ डिसेंबर, रात्री ८:३३

वाळू.

कायद्याचं_बोला | ३ डिसेंबर, रात्री ९:१५

तिरफळताई, सार्वजनिक मंचावर जपून.

थोडं अवांतर. घर बराच काळ बंद ठेवताना पोलीस ठाण्यात लेखी कळवून ठेवा, पोच घ्या. खरीच घरफोडी झाली तर ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत काही हलवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, घरफोडीला कलम ३३१ आणि राहत्या घरातल्या चोरीला कलम ३०५. जुने ४५७ आणि ३८० विसरा. पॅनेलमधली वेळेची नोंद फिर्यादीत उपयोगी पडते, म्हणून पॅनेलचं घड्याळ बरोबर लावलेलं असू द्या. आणि सत्तरीच्या बाईंना अंधारात एकटं पाठवणं मला अजिबात पटलेलं नाही. खरंच कोणी असलं तर?

पडवीकर | ३ डिसेंबर, रात्री ९:४०

बरोबर आहे. लाज वाटली वाचून. आजच त्यांना फोन करून सांगितलं, बाहेर पडू नका, ओसरीवरचा दिवा लावा आणि पुतण्याला उठवा. म्हणाल्या, "पुतण्या उठला तर मी कशाला जाते?"

ढोलपथक_७ | ४ डिसेंबर, सकाळी ९:००

आमच्या सोसायटीत विसर्जनाच्या रात्री चौदा फ्लॅटचे अलार्म एकदम वाजले होते. कोणाला ऐकू आले नाहीत.

खाडीकाठ | ४ डिसेंबर, सकाळी ११:३०

मला यंत्रातलं काही कळत नाही. जन्म मात्र दाभोळ खाडीच्या काठी गेला. म्हणून तीन प्रश्न विचारतो.

दिवाळीनंतरच सुरू झालं ना? मध्यरात्र उलटल्यापासून उजाडेपर्यंतच होतं ना? आणि रस्त्याकडची खिडकी म्हणजे तोंड पूर्वेला. समुद्राकडच्या दोन खिडक्या गप्प आहेत ना?

मग तो मतलई वारा आहे.

मुंबई-पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो. दिवसा जमीन तापते, वारा समुद्रावरून आत येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, समुद्र ऊब धरून राहतो, मग वारा जमिनीवरून समुद्राकडे निघतो. तो मतलई. मध्यरात्रीनंतर जोर धरतो आणि पहाटे चांगलाच लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. आकाश निरभ्र झालं की तो सुरू. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटे मतलईवर समुद्रात जायचं आणि दुपारनंतर खाऱ्यावर घरी यायचं. वडिलांना घड्याळ लागत नसे, पाठीला वारा लागला की उठायचे.

कोकणात नवीन माणूस घर बांधतो तेव्हा समुद्राकडची खिडकी जपतो. वारा दोन्हीकडून असतो हे त्याच्या ध्यानात नसतं.

सोल्डरगन | ४ डिसेंबर, दुपारी १२:१०

काका, प्रतिसाद फार आवडला. पण एक शंका. मतलई तशी मंद झुळूक असते ना? बंद झडपेला ती काय हलवणार? आणि मतलईच असेल तर दसरा ते दिवाळी महिनाभर शांतता का? आकाश तर ऑक्टोबरातही निरभ्र होतं.

खाडीकाठ | ४ डिसेंबर, दुपारी १२:४०

शंका रास्त. आमच्याकडे खाडी आणि नदीच्या खिंडीतून येणारा मतलई चांगला चुणचुणतो. पण महिनाभर का नाही, ते मला सांगता येत नाही.

पडवीकर | ४ डिसेंबर, दुपारी १:०५

तिन्ही प्रश्नांना उत्तर 'हो'. वाचताना अंगावर काटा आला. नाताळच्या सुट्टीत जाणार आहे. नानांची अदलाबदल करतो आणि पडवीतच झोपतो.

शंकेखोर | ४ डिसेंबर, दुपारी १:३०

वारा म्हणे. मी तर म्हणतो वटवाघूळ. पैज?

तिरफळ | ४ डिसेंबर, दुपारी १:३२

माझं मत वांदराला. एक नारळ पैजेवर.

वऱ्हाडी_ठेचा | ४ डिसेंबर, दुपारी १:५०

वांदर रात्री झोपते ताई.

भरती_ओहोटी | ५ डिसेंबर, सकाळी ८:२०

धागा वायरलेसचा आहे म्हणून दोन अनुभव. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. पॅनेलमधली लहान बॅटरी पहिल्याच संध्याकाळी झोपली. सेन्सर बिचारे स्वतःच्या सेलवर जागे, पण ऐकणारा कोणी नाही. आता मी बाहेरून १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी लावलीय, पॅनेल १२० मिलिअँपिअर खातं, म्हणजे कागदावर दोन दिवस निघतात.

दुसरा अनुभव सिमचा. पॅनेल टूजी होतं आणि मी त्यात फोरजीच चालणाऱ्या कंपनीचं सिम घालून दोन दिवस डोकं आपटलं. दुसरं सिम घातलं तर वर्षभराने रिचार्ज संपला. मे महिन्यात घरी गेलो तेव्हा पॅनेलवर अकरा अलार्मची नोंद, मला एकही फोन नाही. आता रिचार्जची तारीख कालनिर्णयावर लिहिलेली असते.

नाना_अलार्मवाले | ५ डिसेंबर, सकाळी ९:१०

भरती_ओहोटी यांनी लाखाचं बोललात. निम्म्या तक्रारी सेन्सरच्या नसतात, सिमच्या असतात.

भिंतींचंही सांगतो. जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी, त्यातून ४३३ चा आवाज बराच दबतो. पॅनेल माजघरात ठेवताना शेवटच्या खोलीतला सेन्सर दार लावून वाजवून बघा. पॅनेल लोखंडी कपाटावर ठेवणारे महाभाग असतात. तसं करू नका.

केळीचं_बन | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

आमच्याकडे आंब्याच्या गोदामाला वायरने जोडलेले सेन्सर आहेत, बारा वर्षं कटकट नाही. वायरलेसचे लाड कशाला? उंदराने वायर खाल्ली तेवढीच.

सोल्डरगन | ६ डिसेंबर, रात्री १०:२०

बारा वर्षांत एक उंदीर हा हिशोब चांगला आहे. पण कौलारू घरात, वर्षातून तीनदा जाणाऱ्याने खिडकीखिडकीला वायर ओढायची म्हणजे सुतार, गवंडी, रंगारी सगळे आले.

(यापुढे दोघांचे वायर विरुद्ध वायरलेस असे नऊ प्रतिसाद झाले. संपादक मंडळाने ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत.)

पडवीकर | २८ डिसेंबर, सकाळी ११:४५

आलो जाऊन. सविस्तर लिहितो, धागा वर येईल त्याबद्दल माफी.

चोवीस तारखेला पोचलो. पहिलं काम नानांचं. झोन ५ चा सेन्सर वाडीकडच्या खिडकीवर नेला, तिथला इकडे आणला. पॅनेलला दोन्ही नव्याने शिकवले. सायरन काढला, फोन चालू ठेवला. पडवीत अंथरूण टाकलं.

रात्री २:५० ला जाग आली. फोनने नव्हे, आवाजाने. ठक. मग थोडा वेळ काही नाही. मग ठक-ठक. उठून झडपेला हात लावला तर ती हाताखाली जिवंत असल्यासारखी मागे-पुढे होत होती. जेमतेम दोन-तीन सुतं. आणि गजांतून वारा. अगदी मंद, पण गार आणि न थांबणारा, रस्त्याकडून समुद्राकडे. खाडीकाठ काका, तुमची फार आठवण झाली. तेवढ्यात फोन वाजला, झोन ५. सेन्सर बदललेला, तक्रार खिडकीपाशीच. म्हणजे सेन्सर शाबूत.

सकाळी सुताराला बोलावलं. सोल्डरगन, तुमच्या शंकेचं उत्तर त्याच्याकडे होतं. त्याने झडप ढकलून बघितली आणि म्हणाला, "दसऱ्याला ही घट्ट बसत होती की नाही?" बसत होती. दोन्ही हातांनी ओढून लावावी लागली होती. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं. दिवाळीनंतर वाळतं, आक्रसतं, मग कडी कोयंड्यात खुळखुळायला लागते. कडीचं भोकही झिजून अंडाकृती झालंय, आजोबांच्या काळापासूनची कडी. म्हणजे वारा ऑक्टोबरात असला तरी झडप फुगून गच्च होती. ती सुटी झाल्यावर मतलईला तिला हलवायला जागा मिळाली.

आणि मी शहाण्याने त्याच झडपेवर, पूर्ण संवेदनशीलतेवर, अर्धवट सुटलेल्या चिकटपट्टीने सेन्सर लावून ठेवला होता.

काय केलं ते सांगतो. सायकलची जुनी ट्यूब कापून तिची पट्टी चौकटीच्या खाचेत चुका मारून बसवली, झडप आता तिच्यावर दाबून बसते. कडीवरही ट्यूबचं वेटोळं. चारही सेन्सर चौकटीवर, दोन-दोन स्क्रू. फणसाचं लाकूड असं कडक की एक ड्रिल बिट मोडलं. संवेदनशीलता तळापासून वर आणली. मुठीला वाजतो, नखाला नाही. पश्चिमेच्या एका खिडकीला एक पायरी जास्त लागली, तिथली चौकट भिंतीत थोडी सैल आहे. ती मे महिन्यात.

तीन रात्री शांत गेल्या.

नाना_अलार्मवाले | २८ डिसेंबर, दुपारी १२:३०

वा! असं गिऱ्हाईक मिळालं तर माझा धंदा बसेल. एकच सांगतो, जूनमध्ये लाकूड परत फुगेल तेव्हा ट्यूबची पट्टी जास्त होईल, झडप लागणार नाही. गणपतीला जाल तेव्हा पट्टी काढता येईल अशी ठेवा. आणि त्या वेळी मुठीची परीक्षा पुन्हा घ्या. ओलं लाकूड हादरा गिळतं.

खाडीकाठ | २८ डिसेंबर, दुपारी १:१५

लाकडाचं मला सुचायला हवं होतं. आमच्या घरी कार्तिकात कड्यांना चिंध्या गुंडाळायचे. आजी करायची. लहानपणी वाटायचं थंडीसाठी करते.

शंकेखोर | २८ डिसेंबर, दुपारी १:४०

बरं, वटवाघूळ नाही. हरलो. तरी कुत्रा पाळाच.

तिरफळ | २८ डिसेंबर, दुपारी १:४४

शंकेखोरांकडून एक नारळ येणे. माझा एक देणे. हिशोब फिटला.

लेस्टरची_माई | २८ डिसेंबर, दुपारी ३:००

छान झालं. काकूंना शाल घेतली का?

पडवीकर | २८ डिसेंबर, रात्री ९:२०

शाल नको म्हणाल्या, चांगली बॅटरी दे म्हणाल्या. दिली. पुतण्याचा नंबरही पॅनेलमध्ये पहिला टाकला.

आज संध्याकाळी त्यांचाच फोन आला होता. तीन रात्री तुझा फोन नाही, बरा आहेस ना?